एका प्रश्नास एकच उत्तर : संबंध आणि फलन यांचा परिचय

मराठी कुटुंबात वाढणाऱ्या मुलास आतेभाऊ, मामेभाऊ, चुलतभाऊ आणि मावसभाऊ ही चार नाती शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच ठाऊक झालेली असतात. परंतु गणिताच्या दृष्टीने या चार नात्यांत जो एक महत्त्वाचा भेद आहे, तो पुष्कळदा जाणत्या माणसांच्याही ध्यानात आलेला नसतो. मी ज्याचा चुलतभाऊ, तो माझाही चुलतभाऊच असतो, आणि मावसभावाचीही गोष्ट तशीच; उलटपक्षी जो माझा आतेभाऊ, त्याचा मी आतेभाऊ नसून मामेभाऊ असतो, कारण त्याची आई ही माझ्या वडिलांची बहीण आणि म्हणून माझे वडील हे त्याचे मामा. पहिल्या दोन नात्यांत माणसांची अदलाबदल केली तरी नाते अबाधित राहते. पुढच्या दोहोंत मात्र अदलाबदलीसरशी एक नाते जाऊन त्याच्या जागी दुसरे उभे राहते. गणितज्ञ पहिल्या प्रकारास सममित संबंध म्हणतात, आणि आतेभाऊ व मामेभाऊ या जोडीस परस्परांचे व्यस्त संबंध. याच मार्गाने आणखी एक पाऊल पुढे टाकले तर असे दिसते की, माझ्या चुलतभावाचा चुलतभाऊ हा माझा सख्खा भाऊ असू शकतो, किंबहुना तो मी स्वतःच असू शकतो. परंतु माझ्याहून वडील असलेल्या माणसाहून जो वडील, तो माझ्याहून वडील असलाच पाहिजे. हा जो गुण ‘वडील असणे’ या संबंधाच्या अंगी आहे आणि ‘चुलतभाऊ असणे’ या संबंधाच्या अंगी नाही, त्यास संक्रामकता म्हणतात.

नात्यांच्या या व्यवहाराला शास्त्राचे रूप देण्याचे काम एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणी नेटाने अंगावर घेतले नव्हते, याचे आज नवल वाटते. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेल्या पाश्चात्त्य तर्कशास्त्राचा सारा भर ‘अमुक हा तमुक आहे’ या आकाराच्या विधानांवर होता. ‘अमुक हा तमुकाचा कोणी लागतो’ या आकाराच्या विधानांना त्यात मानाची जागा नव्हती. ही उणीव ज्यांनी प्रथम निश्चयपूर्वक दूर करावयास घेतली, ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्याकडे मदुराई येथे जन्मलेले होते, आणि दिल्लीचे गणितज्ञ रामचंद्र यांचा महत्तम-लघुतम मूल्यांवरील ग्रंथ १८५९ मध्ये लंडनला पुन्हा छापला गेला तो यांच्याच पुरस्काराने व यांच्याच प्रस्तावनेसह. त्याच सुमारास त्यांनी संबंधांच्या तर्कशास्त्रावरील आपला निबंध सिद्ध केला. व्यस्त संबंध, एका संबंधावर दुसरा रचून होणारा संयुक्त संबंध आणि संक्रामकता या तिन्ही कल्पनांचा त्यात रीतसर विचार आहे. हिंदुस्थानच्या भूमीवर जन्मलेल्या आणि एका हिंदी गणितज्ञाच्या गुणांची कदर करणाऱ्या या विद्वानाचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना संचांविषयीच्या दोन नियमांपुरतेच ठाऊक असावे, ही खेदाची गोष्ट होय.

आता संबंध म्हणजे नेमके काय, हे सांगितले पाहिजे. दोन संच घ्यावेत, एकातील एक घटक आणि दुसऱ्यातील एक घटक अशी जोडी लावावी, आणि कोण पहिला व कोण दुसरा हा क्रम कायम ठेवावा. अशा जोडीस क्रमित जोडी म्हणतात. शक्य असलेल्या सर्व क्रमित जोड्यांतून आपण ज्या काही जोड्या निवडून वेगळ्या काढू, त्या निवडलेल्या जोड्यांचा समूह म्हणजेच संबंध. निवडीमागे काही कारण असावे, ते शब्दांत सांगता यावे, ते कोणास पटावे, असली कोणतीही अट गणित घालीत नाही. जोड्यांची यादी हाती असली की संबंध हाती आला. ही व्याख्या प्रथमदर्शनी रुक्ष वाटते, आणि ‘नाते’ या शब्दामागे जो जिव्हाळा किंवा जो हेतू आपण गृहीत धरतो तो तिने पार पुसून टाकला अशी तक्रारही कोणी करील. परंतु हेतू पुसला म्हणूनच माणसांची नाती, संख्यांची लहानमोठेपणाची उतरंड आणि जमिनीचे दप्तर या तिन्हींविषयी एकाच भाषेत बोलण्याची सोय झाली.

जमिनीच्या दप्तराचा उल्लेख मी सहज म्हणून केलेला नाही, कारण संबंध आणि फलन यांतील फरक समजून घेण्यास सातबाऱ्याच्या उताऱ्याइतके चांगले साधन महाराष्ट्रातील वाचकास दुसरे मिळणे कठीण. गाव नमुना सातवर गट क्रमांक असतो, त्या गटाचे क्षेत्र असते, त्यावरील आकार असतो आणि भोगवटादाराचे नाव असते. आता ‘या गटाचे क्षेत्र किती?’ असा प्रश्न केला तर गावातील प्रत्येक गटास उत्तर आहे आणि ते एकच आहे. एकाच गटाची दोन क्षेत्रे दप्तरात नोंदलेली आढळली तर ती चूक समजून तिची दुरुस्ती करावी लागते. परंतु ‘या गटाचा भोगवटादार कोण?’ असे विचारले तर उत्तरादाखल एक नाव येईल, चार सख्ख्या भावांची चार नावे येतील, किंवा वारसांची नोंद होत होत लांबलेली भलीमोठी यादी येईल, आणि यांपैकी कशातही चूक नसेल. गट आणि भोगवटादार यांच्यामधला हा संबंध आहे, पण फलन नाही. गट आणि क्षेत्र यांच्यामधला संबंध हा फलन आहे. ज्या संचातील घटकांविषयी आपण प्रश्न करतो तो प्रांत, उत्तरे ज्यातून यावयाची तो सहप्रांत; आणि प्रांतातील प्रत्येक घटकास उत्तर असणे व ते एकाहून अधिक नसणे, या दोन अटी जो संबंध पाळतो तोच फलन या पदवीस पात्र होतो.

या व्याख्येत एक बाजू मोकळी सोडलेली आहे, तिच्याकडे वाचकाने मुद्दाम लक्ष द्यावे. दोन निरनिराळ्या गटांचे क्षेत्र अगदी सारखे भरले तरी फलनाची त्यास काही हरकत नसते. अनेकांना एक उत्तर चालते, एकास अनेक उत्तरे चालत नाहीत. म्हणूनच फलन उलट दिशेने वाचू लागले की त्याचे फलनपण टिकेलच असे नाही. महसूल खात्याने हे व्यवहारात कधीच ओळखलेले आहे: गटावरून भोगवटादार शोधण्यासाठी जसा नमुना सात, तसा खातेदारावरून त्याच्या सर्व जमिनी शोधण्यासाठी गाव नमुना आठ-अ निराळा ठेवलेला असतो, आणि आठ-अ म्हणजे गणिताच्या भाषेत पहिल्या संबंधाचा व्यस्त संबंध. तोही फलन नव्हे, कारण एका खातेदाराच्या नावे अनेक गट असू शकतात. फलनाची अट किती कडक आहे, हे एका छोट्या हिशेबावरूनही दिसेल. तीन घटकांचा प्रांत आणि दोन घटकांचा सहप्रांत घेतला तर क्रमित जोड्या सहा होतात, आणि त्यांतील प्रत्येक जोडी घ्यावी की टाकावी हे स्वतंत्रपणे ठरविता येत असल्यामुळे एकूण संबंध ६४ होतात; त्यांपैकी फलने अवघी ८.

आता पंचांगाकडे वळू, कारण फलनाचे जे दोन सूक्ष्म गुण पुस्तकांत केवळ व्याख्येच्या रूपाने येतात, त्यांचा प्रत्यक्ष प्रत्यय पंचांगाच्या प्रत्येक पानावर येतो. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकावयास जो काळ लागतो ती एक तिथी, सुमारे २९.५३ दिवसांच्या चांद्रमासात अशा ३० तिथी होतात, म्हणजे तिथीची सरासरी २३ तास ३७ मिनिटांच्या आसपास येते. परंतु चंद्राची व पृथ्वीची गती एकसारखी नसल्यामुळे प्रत्यक्षात तिथी कधी सुमारे २० तासांतच आटोपते, तर कधी जवळजवळ २७ तास रेंगाळते. सूर्योदयाच्या क्षणी जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी, हा आपला संकेत. दिवस हा प्रांत आणि ओळीने येणाऱ्या तिथी हा सहप्रांत मानला तर या संकेताने एक निर्दोष फलन सिद्ध होते: प्रत्येक दिवसास सूर्योदय आहे, प्रत्येक सूर्योदयी कोणती तरी तिथी आहे, आणि ती एकच आहे.

पण दीर्घ तिथी जर एका सूर्योदयाच्या किंचित आधी लागली आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयानंतर संपली, तर लागोपाठच्या दोन दिवसांस एकच तिथी मिळते. तिला आपण वृद्धितिथी म्हणतो, आणि गणितज्ञ म्हणतो की हे फलन एकास एक नाही. याच्या उलट, ऱ्हस्व तिथी जर सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयापूर्वीच संपली, तर तिच्या वाट्यास एकही दिवस येत नाही. तिला आपण क्षयतिथी म्हणतो, आणि गणितज्ञ म्हणतो की हे फलन आच्छादक नाही, कारण सहप्रांतातील एक घटक कोणाचेच उत्तर न होता राहून गेला. बारा चांद्रमासांत तिथी ३६० आणि दिवस सुमारे ३५४, तेव्हा वर्षभरातील क्षयतिथींची संख्या वृद्धितिथींपेक्षा सुमारे सहाने अधिक असणे क्रमप्राप्तच आहे. शिवाय मुंबईचा आणि कलकत्त्याचा सूर्योदय यांत सुमारे तासाचे अंतर असल्यामुळे एका गावी जी क्षयतिथी ती दुसऱ्या गावी क्षय पावलेली नसणे शक्य आहे. म्हणजे खरे पाहता हे फलन केवळ दिवसाचे नसून दिवस आणि स्थळ अशा दोन चलांचे आहे, आणि आपल्या गावचे पंचांग हे त्यातील स्थळ कायम ठेवून काढलेले एक कोष्टक आहे.

फलन एकास एक आणि आच्छादक अशा दोन्ही गुणांनी युक्त असेल तरच ते उलटविता येते, हा गणितातील सिद्धांत धर्मशास्त्रकारांना व्रतनिर्णयाच्या रूपाने भेटला. व्रत तिथीला जोडलेले, उपासतापास मात्र दिवशी करावयाचे. तेव्हा तिथीवरून दिवस काढणे भाग, आणि तेथे कधी दोन दिवस समोर उभे राहणार, कधी एकही नाही. म्हणून गणेश चतुर्थीस मध्याह्नी तिथी कोणत्या दिवशी आहे ते पाहावे, लक्ष्मीपूजनास प्रदोषकाळी अमावास्या कधी आहे ते पाहावे, आणि तशानेही प्रश्न सुटला नाही तर पूर्वदिन घ्यावा की परदिन, असे नियमांवर नियम रचावे लागले. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ अशा निर्णयांनी भरलेला आहे. न उलटणाऱ्या फलनाच्या उत्तरांतून प्रत्येक वेळी एक आणि एकच दिवस निवडून नवे फलन घडविण्याचा हा उद्योग आहे, आणि तो करणाऱ्यांच्या बुद्धीची सूक्ष्मता पाहून माझ्या मनात त्यांच्याविषयी निखळ आदर उत्पन्न होतो.

वाराविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो. वार हेही दिवसांवरील फलनच. त्याचा सहप्रांत मात्र सात घटकांचा. ‘या दोन दिवसांचा वार एकच आहे’ हा संबंध प्रत्येक दिवसास स्वतःशी जोडतो, तो सममित आहे आणि संक्रामकही आहे. असे तिन्ही गुण ज्याच्या अंगी आहेत त्यास समतुल्यता संबंध म्हणतात, आणि त्याच्या योगाने सर्व दिवस सात अलग वर्गांत बिनचूक वाटले जातात. गाउसने १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बाकी सारखी असलेल्या संख्यांचे जे अंकगणित रचले त्याचे बीज एवढेच.

येथवर आलेल्या एकाही उदाहरणात सूत्र आलेले नाही, ही गोष्ट वाचकाच्या नजरेतून सुटली नसेल. गटाचे क्षेत्र कोणत्याही सूत्राने निघत नाही, ते मोजणीने निघते आणि नोंदवहीत लिहिले जाते. असे असता फलन म्हणजे सूत्र, ही समजूत शाळा-महाविद्यालयांतून इतकी खोल रुजलेली आहे की, कोष्टक पुढे ठेवले असता ‘पण याचे सूत्र काय?’ असा प्रश्न हुशार विद्यार्थीही करतो. आपल्या परंपरेत तरी ही समजूत रुजावयास नको होती. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’त ‘ज्या’ (साइन) म्हणजे अर्धजीवा, त्यांच्या मूल्यांतील २४ फरक एकाच श्लोकात गोवले आहेत: २२५, २२४, २२२, २१९, २१५ असे उतरत उतरत ते अखेर २२ आणि ७ येथवर येतात. त्यांची क्रमाने बेरीज करीत गेले की पावणेचार अंशांच्या टप्प्याटप्प्याने ज्यांची मूल्ये मिळतात. चौथे मूल्य ८९०, आठवे १७१९ आणि चोविसावे ३४३८, म्हणजे घेतलेली त्रिज्याच. आठवे मूल्य ३० अंशांचे असून ते त्रिज्येच्या बरोबर निम्मे आहे, हे वाचकाने स्वतः ताडून पाहावे. चोवीस कोनांस चोवीस मूल्ये देणारे हे कोष्टक हेच एक संपूर्ण फलन होय.

पुढे सातव्या शतकात पहिल्या भास्कराचार्यांनी याच ज्येसाठी कोष्टकावाचून चालणारी एक रीत दिली. कोनाच्या अंशांना, ते १८० मधून वजा करून येणाऱ्या बाकीने गुणावे. या गुणाकाराची चौपट हा भाज्य, ४०५०० मधून तोच गुणाकार वजा करून येणारी संख्या हा भाजक, आणि भागाकारास त्रिज्येने गुणले की ज्या मिळते. ३० अंशांस या रीतीने त्रिज्येचे बरोबर अर्ध येते आणि ९० अंशांस पूर्ण त्रिज्या येते, तेथे सूत्र आणि कोष्टक यांत केसाचेही अंतर नाही. परंतु १५ अंशांस सूत्र सुमारे ८९५ सांगते, कोष्टक ८९० सांगते, आणि खरे मूल्य ८९० च्या अगदी निकट आहे. सूत्र रेखीव, कोष्टक अधिक अचूक. दोहोंचा प्रांत त्या चोवीस कोनांपुरता मर्यादित केला तरी ती दोन भिन्न फलनेच ठरतात, कारण फलनाची ओळख त्याच्या वर्णनावरून होत नसून त्याच्या उत्तरांवरून होते. उलट दोन अगदी वेगळी दिसणारी सूत्रे जर प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर देत असतील, तर ती एकाच फलनाची दोन नावे समजावीत.

युरोपात मात्र हा विचार मान्य होण्यास मोठा कलह व्हावा लागला. ऑयलरने १७४८ च्या आपल्या ग्रंथात फलन म्हणजे चल आणि स्थिर राशींपासून बनलेली वैश्लेषिक पदावली, म्हणजे आपल्या भाषेत सूत्र, अशीच व्याख्या केली होती. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी दालाँबेरने कंप पावणाऱ्या तारेचे गणित मांडून एक अडचण उभी केलेली होती. तंबोऱ्याची तार बोटाने ओढून धरली की सोडण्याच्या क्षणी तिचा आकार कोन असलेला असतो: बोटाच्या एका बाजूस एक सरळ रेषा, दुसऱ्या बाजूस दुसरी. या आकारास एकच एक सूत्र नाही. मग त्यास फलन म्हणावे की नाही? दालाँबेरचे म्हणणे असे की, नाही. ऑयलरचे म्हणणे असे की, हाताने वाटेल तशी काढलेली वक्ररेषाही येथे मान्य करावी लागेल, कारण तार गणितज्ञांची परवानगी घेऊन कंप पावत नाही. ऑयलरने १७५५ मध्ये आपली व्याख्या रुंद केली आणि एक राशी बदलली असता दुसरी बदलत असेल तर ती पहिलीचे फलन, असे म्हटले. आपल्याच पूर्वीच्या व्याख्येच्या बाहेर पाऊल टाकण्याचे हे धैर्य मला त्याच्या अनेक सिद्धांतांइतकेच मोलाचे वाटते.

वाद तेथेही मिटला नाही. नेपोलियनच्या अमदानीत ईझेर परगण्याचा मुख्य अंमलदार असलेल्या फूरियेने कारभाराचा व्याप सांभाळून उष्णतेच्या वहनावर संशोधन केले, आणि १८०७ मध्ये पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे असे प्रतिपादन केले की, तुटक आणि कोनयुक्त फलनेसुद्धा ज्या-कोटिज्यांच्या अनंत मालिकांनी मांडता येतात. लाग्रांजसारख्या श्रेष्ठ गणितज्ञाने त्यास हरकत घेतली, आणि फूरियेचा ग्रंथ प्रसिद्ध होण्यास १८२२ साल उजाडले. सिद्धतेतील दोष खरे होते. पण त्या दोषांचा निकाल लावावयाचा तर आधी फलन कशास म्हणावे याचाच निकाल लावणे प्राप्त होते, आणि ते काम डिरिख्लेटने केले. १८२९ च्या निबंधात त्याने असे एक फलन पुढे ठेवले की, जे परिमेय संख्येस एक ठरावीक मूल्य देते आणि अपरिमेय संख्येस दुसरे. कितीही लहान अंतर घेतले तरी त्यात दोन्ही जातींच्या संख्या असल्यामुळे या फलनाचा आलेख कोणाच्याही हाताने काढता येणार नाही. तरीही प्रत्येक संख्येस उत्तर आहे आणि ते एकच आहे. सबब ते फलन आहे. १८३७ मध्ये त्याने हेही स्पष्ट केले की, सर्व अंतरावर एकच नियम चालू असण्याची काही गरज नाही.

यानंतरची वाट सरळ होती. १९१४ मध्ये नॉर्बर्ट वीनरने आणि १९२१ मध्ये कुराटोव्स्कीने क्रमित जोडी हीसुद्धा केवळ संचांपासून कशी घडविता येते ते दाखविले, आणि त्यामुळे संबंध हा जोड्यांचा संच व फलन हा एक विशिष्ट शिस्त पाळणारा संबंध, ही आजची मांडणी भक्कम पायावर उभी राहिली. डी मॉर्गनचा नात्यांचा विचार आणि ऑयलरपासूनचा फलनांचा विचार, हे एकमेकांची फारशी दखल न घेता वाढलेले दोन प्रवाह अशा रीतीने एकत्र आले.

आमच्या शाळांतून मात्र हा विषय अजून १७४८ च्या व्याख्येने सुरू होतो. सूत्र आधी, त्यात संख्या घालून उत्तरे मागाहून, आणि प्रांत कोणता याची चौकशी सर्वांत शेवटी, हा क्रम उलटा केला पाहिजे. शिक्षकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, या प्रकरणाच्या पहिल्या तासास फळ्यावर एकही सूत्र लिहू नये. चालू महिन्याचे पंचांग आणि एखाद्या गावचा सातबारा वर्गात आणावा, प्रत्येक रकान्यापुढे ‘सर्वांस उत्तर आहे काय, आणि एकच आहे काय?’ हे दोन प्रश्न मुलांकडून सोडवून घ्यावेत, आणि सूत्रांचा तास दुसऱ्या दिवशी घ्यावा.